मुकादमांचा बोगदा आणि बाईंचा उजेड

मुकादमांनी उभी हयात डोंगर पोखरण्यात घालवली आणि त्यांच्या बायकोने शाळेत इंग्रजी शिकवण्यात. एका गोष्टीवरून मात्र दोघांचं लग्नापासून वाजत आलं होतं. 'बोगद्याच्या टोकाला उजेड दिसतोय' असं इंग्रजीत म्हणतात, म्हणजे कठीण काळ सरत आला, आता धीर सोडू नका. बाई हे दरवर्षी नव्या वर्गाला समजावायच्या आणि घरी येऊन नवऱ्यालाही ऐकवायच्या.

"हे ज्याने काढलं त्याने कधी बोगदा खणलाय का?" मुकादम म्हणायचे. "खणणाऱ्याचा उजेड पाठीमागे असतो. पुढे असतो नुसता खडक."

"ते वाटसरूंसाठी आहे. तुमच्यासारख्या उंदरांसाठी नाही."

यावर मुकादम चहा मागायचे.

मग एका सकाळी बाईंच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. हात हळूहळू हलू लागला, पण बोलणं गेलं ते गेलंच. त्याहून वाईट म्हणजे, आपण बोललेलं त्यांना कळतं का, हेच कुणी छातीठोकपणे सांगेना. बाई माणसाकडे बघायच्या त्या भिंतीकडे बघावं तशा. वाचेचं दुःख मुकादमांनी कसंबसं गिळलं होतं. पण ही आत आहे की नाही, या प्रश्नाने त्यांची झोप उडाली.

बाईंची धाकटी बहीण मदतीला येऊन राहिली होती. मुकादम रोज पलंगाशी बसून बायकोला शेजाऱ्यांची भांडणं, गळका नळ, भाजीचे भाव असं सगळं सांगायचे आणि मधेच गप्प होऊन कान द्यायचे. मेहुणीला ते बघवत नसे.

"भावोजी, ती बोलत नाही तर ऐकता काय?"

"आम्ही दोन्ही बाजूंनी खणायचो ना, तेव्हा भेट जवळ आली की यंत्रं बंद करायचो. खडकावर पहार ठोकायची आणि गप्प बसायचं. पलीकडून ठोका आला की समजायचं, माणसं आहेत. आपणच आवाज करत राहिलो तर ऐकू कसं येणार?"

मेहुणी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ धुतलेलीच भांडी धूत राहिली.

बोलणं शिकवायला एक मॅडम घरी यायच्या. कप, किल्ली, मांजर अशी चित्रं दाखवायच्या. बाई चित्रांकडेही भिंतीकडे बघावं तशाच बघायच्या. एकदा मॅडम निघताना मायेने म्हणाल्या, "काका, धीर सोडू नका. बोगद्याच्या टोकाला उजेड दिसतोय."

झालं. मुकादमांनी चित्रं आवरणाऱ्या मॅडमना पाठीमागचा उजेड, पुढचा खडक, सगळं पुराण ऐकवलं. वर ठोकून दिलं, "हिलाही पटलं होतं. माझंच बरोबर, असं हिने कबूल केलं होतं."

"खोटं," पलंगावरून आवाज आला.

मॅडमच्या हातातलं मांजर खाली पडलं. मेहुणी ओल्या हातांनी दारात आली.

मॅडम आधी सावरल्या. "काका, घाई नको. कधीकधी एकच शब्द जिभेवर अडकतो आणि कशालाही तोच बाहेर पडतो. कळून बोलल्या, असं इतक्यात धरू नका."

मुकादम पलंगाच्या कडेला टेकले. "चहा तुझ्यापेक्षा मीच चांगला करतो."

"खोटं."

"मी घोरत नाही."

"खोटं."

मेहुणीला हसू आवरेना. मुकादमही हसले, पण लगेच थांबले. शब्द अडकलेला असेल तर? आता खरं बोलून बघायला हवं होतं, आणि त्याची त्यांना मनापासून भीती वाटली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू बोलत नाहीस तर मला हे घर खायला उठतं," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय मला जमत नाही गं."

बाईंचे ओठ हलले. मुकादमांनी कान दिले.

ओठ मिटले. 'खोटं' आलं नाही. बाई थेट नवऱ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.