न झालेल्या नाटकाचा खुलासा

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नववीच्या वर्गाने बसवलेले नाटक झाले नाही. रविवारी सकाळी आमच्या पेपरात ते झाले होते.

बातमी मी लावली होती. मी तेव्हा शहर पानावर उपसंपादक होतो आणि त्या पानाचा निम्मा भाग प्रेसनोटांवर चालत असे. कार्यक्रम साडेचारचा होता. प्रेसनोट दुपारी दोन चाळीसला व्हॉट्सॲपवर आली. शाळांच्या प्रेसनोटा नेहमीच आधी येतात. मांडवाचे बांबू उभे राहत असतात तेव्हा कार्यक्रम 'उत्साहात पार पडलेला' असतो, आणि पाहुणे घरी जेवत असतात तेव्हा त्यांनी 'विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन' केलेले असते. याला खोटेपणा म्हणत नाहीत. सांस्कृतिक विभागाचे शिक्षक त्याला 'वेळेत पाठवणे' म्हणतात, आणि जे वेळेत पाठवतात त्यांची बातमी लागते.

त्या प्रेसनोटेत शेवटून दुसरे वाक्य असे होते : नववीच्या विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या नाटकाने प्रेक्षकांचे डोळे पाणावले. नाटक विनोदी होते. हे मला नंतर कळले. प्रेसनोट लिहिणाऱ्या शिक्षकांना कधी कळले की नाही, याची नोंद माझ्याकडे नाही.

सोबत फोटो होता. एसटी कंडक्टरच्या खाकी कपड्यातली एक मुलगी, तिच्यामागे दोन रांगांत मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेली दहा मुले. फोटोच्या खालच्या भागात प्रेक्षकांच्या खुर्च्या दिसत होत्या. सगळ्या रिकाम्या होत्या, कारण फोटो शुक्रवारच्या रंगीत तालमीचा होता. त्या खुर्च्या मी कापल्या. तीन कॉलमांत फोटो चांगला बसला.

मंगळवारी संध्याकाळी ती मुलगी ऑफिसात आली. सोबत वडील होते, तेही खाकीत. ते खरेच एसटीत कंडक्टर होते आणि ड्युटी संपवून डेपोतून थेट आले होते. मुलीने कात्रण टेबलावर ठेवले.

"सर, हे तुम्ही लिहिलं का?"

"शाळेकडून आलं होतं."

"डोळे पाणावले, असं छापलंय. कुणाचे?"

"माझे पाणावले आसतील," वडील म्हणाले. "चार तास खुर्चीत बसलो. डास लय होते."

"पप्पा, थांबा ना."

"थांबलोच हाय मी. शनिवारधरनं थांबलोय."

मुलीला काय हवे होते, ते तिने सरळ सांगितले. नाटक झाले नाही, असे पेपरात छापून हवे होते. मी कारण विचारले, कारण बहुतेक लोक छापून आलेले पुसायला येत नाहीत, आणखी एक फोटो लावायला येतात.

कारण असे होते. नाटक तिने स्वतः लिहिले होते. पेठहून नाशिकला येणारी गाडी सावळघाटात बंद पडते आणि धक्का कोणी मारायचा यावर प्रवाशांचे एकमत होत नाही, एवढीच गोष्ट. अकरा मुलांनी दोन महिने तालमी केल्या होत्या. त्या शाळेत दहावीच्या मुलांना कुठल्याही कार्यक्रमात घेत नाहीत, दहावीला फक्त अभ्यास असतो. म्हणजे हे नाटक नववीत झाले नाही तर शाळेत कधीच होणार नव्हते. सोमवारी ती मुख्याध्यापकांकडे गेली आणि सव्वीस जानेवारीला वीस मिनिटे मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, नाटक झालेले आहे. ती म्हणाली, नाही झालेले. त्यांनी तिला आमचा पेपर दाखवला.

"मग म्हणाले, एका वर्गाला दोनदा संधी दिली तर बाकीचे पालक विचारतील. मी म्हटलं, सर, तुम्ही स्वतः तिथे होतात. तर म्हणाले, अहवालातपण आहे."

अहवालात खरोखरच होते. शनिवारी काय झाले ते मी नंतर तिघांना वेगवेगळे विचारले : मुलीला, मांडववाल्याला आणि गणिताच्या एका शिक्षिकेला. तिघांचे जुळले. साडेचारला पालक येऊन बसले. प्रमुख पाहुणे, एक लोकप्रतिनिधी, आले नव्हते. पाच वाजले, सहा वाजले. नाटकाची मुले पाच वाजल्यापासून विंगेत तयार उभी होती. मंच रिकामा होता, प्रेक्षक बसलेले होते, नाटक वीस मिनिटांचे होते. ते त्या वेळात उरकून घ्यावे, असे कोणालाही सुचले नाही. खरे तर गणिताच्या शिक्षिकेला सुचले होते. त्यांना सांगण्यात आले की सर्वांत चांगला कार्यक्रम पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा असतो. वेळ भरून काढण्यासाठी मुख्याध्यापकांनी वार्षिक अहवाल वाचला. तो आठवडाभर आधी छापून आला होता आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदात 'आजच्या संमेलनात सादर झालेल्या' कार्यक्रमांची यादी होती.

"मी विंगेत होते," मुलगी म्हणाली. "सरांनी आमच्या नाटकाचं नाव घेतलं. मला वाटलं, बोलावलं आपल्याला. मी निघाले होते. बाईंनी कॉलर धरून मागे ओढलं."

पाहुणे सात दहाला आले. त्यांचा सत्कार झाला. मग संस्थेच्या अध्यक्षांचा, सचिवांचा, माजी अध्यक्षांचा, मांडवाला जागा देणाऱ्यांचा आणि पाहुण्यांसोबत गाडीतून आलेल्या चौघांचा. त्या चौघांची नावे निवेदकाला माहीत नव्हती. त्यांनी ती माईकवर स्वतः सांगितली. पाहुण्यांच्या भाषणाचा विषय ते स्वतः होते. आपणही नववीत असताना नाटकात काम केले होते, हा भाग त्यांनी विस्ताराने सांगितला. आठला ते गेले, त्यांच्यामागे संस्थेची पहिली रांग गेली. बाहेर शाळेच्या व्हॅनवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. सव्वाआठला मुख्याध्यापकांनी 'वेळेअभावी' उरलेले कार्यक्रम रद्द केले आणि वंदे मातरम् झाले. मुलीच्या वडिलांनी त्या संध्याकाळसाठी ड्युटी बदलून घेतली होती. मुलीच्या अंगावर त्यांचाच जुना युनिफॉर्म होता, बाह्या आत घेतलेला.

मी मुख्याध्यापकांना फोन केला.

"अहो, किरकोळ गोष्ट आहे," ते म्हणाले. "तुमची बातमी छान आली. अध्यक्ष खूश आहेत."

"नाटक झालं नाही ना?"

"आता पेपरात आलंय म्हणजे तांत्रिकदृष्ट्या झालंच म्हणायचं."

"तांत्रिकदृष्ट्या?"

"मुलांनी तयारी तर केली होती! ते महत्त्वाचं नाही का? तुम्ही पत्रकार लोक निगेटिव्ह फार बघता."

मग मी खुलाशाचा मजकूर करून वृत्तसंपादकांकडे नेला. ते तीस वर्षे या धंद्यात होते आणि त्यातली बरीचशी त्यांनी खुलासे न छापण्यात घालवली होती.

"गॅदरिंगचा खुलासा? उद्या कोणी येईल, आमच्या सोसायटीचं हळदीकुंकू झालं नव्हतं म्हणून."

"नसेल झालं तर छापू."

"अरे बाबा, एक छापलास तर रोज पानभर छापावे लागतील. पान कशावर चालतं माहितीये ना तुला?"

माहीत होते. मजकूर माझ्या खणात गेला. सव्वीस जानेवारी गेली. त्या दिवशी शाळेत तेच लेझीम झाले जे पंधरा ऑगस्टला झाले होते. एकदा सादर झालेला कार्यक्रम पुन्हा घ्यायचा नाही, हा नियम लेझीमला लागू नव्हता.

मुलगी दर शनिवारी फोन करत असे. फार बोलत नसे.

"सर, आलं का?"

"नाही अजून."

"बरं. पुढच्या शनिवारी करते."

फेब्रुवारीत तिने सात शनिवारांची वही केली असल्याचे सांगितले, तारीख आणि माझे उत्तर. सातही उत्तरे सारखी होती. आमच्या कार्यालयात बारा वार्ताहर होते. त्यांच्यापैकी कोणाची वही इतकी नीट नव्हती, माझीही नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी शहर पानावरची एका क्लासची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. खालच्या कोपऱ्यात सहा ओळींची जागा उघडी पडली. वृत्तसंपादक लग्नाला ओझरला गेले होते. मी खणातला मजकूर काढला आणि लावला. शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या विद्यार्थ्यांचे नाटक सादर झाल्याचे वृत्त चुकीचे होते, ते सादर झाले नाही, प्रसिद्ध झालेले छायाचित्र तालमीचे होते. शेवटी दिलगिरीचा एक शब्द. जागा तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि काय म्हणाले ते इथे देण्यासारखे नाही. शाळेतून दोन फोन आले. मुख्याध्यापकांच्या मते मी शंभर टक्के निकालाच्या शाळेची बदनामी केली होती. संस्थेच्या सचिवांनी शाळेचे नाव चुकले तर नाही ना, एवढेच तीन वेळा विचारून घेतले. चुकले नव्हते. ते बरे म्हणाले आणि फोन ठेवला.

मुलीने खुलासा लॅमिनेट करून घेतला आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी 'बघू' म्हटले. तिने पुढच्या शनिवारी पुन्हा विचारले, त्याच्या पुढच्या शनिवारीही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली. एक मे, झेंडावंदन आणि निकालवाटप झाल्यावर, वीस मिनिटे. मांडव नाही, माईक नाही, पडदा नाही. वार्षिक अहवालात दुरुस्ती करणार का, हे मी लेखी विचारले. उत्तर आले नाही.

एक मेची प्रेसनोट तीस एप्रिलच्या दुपारी आली. तिच्यात ध्वजारोहण उत्साहात पार पडले होते. नाटकाचा उल्लेख नव्हता.

मी सकाळी सातला शाळेत गेलो. ध्वजारोहण सव्वासातला झाले. निकाल आठपर्यंत वाटून झाले आणि बहुतेक पालक प्रगतिपुस्तके घेऊन फाटकाबाहेर पडले. मुलांनी वर्गातल्या बारा खुर्च्या बाहेर आणून सायकल स्टँडच्या पत्र्याखाली दोन रांगांत लावल्या. मुलीने वडिलांचा युनिफॉर्म घातला होता आणि हातात तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा जुना चिमटा होता. वडील मागे उभे होते, ड्युटीच्या कपड्यात.

"साहेब, आता लिवा," ते मला म्हणाले. "डोळे कोरडे हायेत, हसायलो हाय."

"अजून सुरू व्हायचंय."

"मंग थांबा. झाल्यावर लिवा."

नाटक आठ वीसला सुरू झाले. आठ त्रेचाळीसला संपले. अकराही मुलांनी काम केले. प्रेक्षक एकोणचाळीस होते, मी दोनदा मोजले. त्यात गणिताच्या शिक्षिका होत्या. मुख्याध्यापक ऑफिसात होते, खिडकी उघडी होती. वडिलांची पेठची गाडी साडेनऊची होती. ती वेळेवर सुटली. मी डेपोत फोन करून खात्री करून घेतली.