टेबलावर राहिलेला बूट

आमचे हे तोंडाचे फटकळ, पण हाताचे पक्के. गॅरेजात पाना जागेवर दिसला नाही की शिव्यांची लाखोली वाहायचे. मी म्हणायची, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर?" तर म्हणायचे, "तू बिघडतेस कुठे? बिघडलीस की बघू."

हल्ली बिघडत होते ते हेच. निघाले कशाला ते विसरून दारातूनच परत यायचे. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर धावून यायचे. मीही कुणाला कळू दिलं नाही, मुलीला तर नाहीच. बोभाटा झाला तर गॅरेज जाणार, आणि गॅरेज गेल्यावर हा माणूस जगणार कशावर, या विचाराने माझी झोप उडाली होती.

त्या दिवशी मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन सासरी निघाली होती. यांनी सवयीने तिच्या गाडीखाली डोकं घातलं. एक्सलच्या जॉइंटवरचा बूट, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारी रबरी टोपी, फाटून चाकाच्या आत सगळीकडे ग्रीस उडालं होतं.

"आवाज नाही, म्हणजे जॉइंट वाचलाय. बूट बदलतो, मग जा."

चाक उतरवलं, एक्सल बाहेर काढला, जॉइंट धुऊन ग्रीस भरलं, हातोडीने ठोकून बसवला. खट्ट! आणि नवा बूट टेबलावरच. तो जॉइंट बसवायच्या आधी एक्सलवर चढवायचा असतो. ही चूक प्रत्येक मेकॅनिक एकदा तरी करतो. हेही हसले, स्वतःलाच एक सणसणीत शिवी घातली आणि जॉइंट परत काढला. पुन्हा ग्रीस, पुन्हा हातोडी. खट्ट.

बूट टेबलावरच होता.

या वेळी हे हसले नाहीत. मी त्या बुटाकडे बघत होते.

"काय बघतेस?"

"काही नाही. मी धरते बूट."

तिसऱ्यांदा मी तो हातात घेऊन शेजारीच उभी राहिले आणि वेळेवर पुढे केला. यांनी मुकाट्याने चढवला, क्लॅम्प आवळले, चाक लावलं, एकेक नट पान्याने तपासला आणि हात धुवायला गेले. मुलीने बाळाला मागच्या सीटवर बांधलं.

हे हात पुसत आले. "चाकाचे नट आवळले का गं मी?"

"बाबा, आत्ताच तर आवळलेत!" मुलगी हसली. मग हसू थांबवून माझ्याकडे बघू लागली.

"चेष्टा करतायत," मी घाईघाईने म्हटलं.

"चेष्टा नाही." यांनी हातातलं फडकं बाजूला टाकलं. "दोनदा बूट विसरलो. तुझ्या आईने पाहिलंय, पण ती सांगायची नाही."

यांनी मागचं दार उघडलं, बाळाचा पट्टा सोडला आणि बाळ माझ्या हातात दिलं.

"गाडी दुसऱ्या कुणाकडून तपासून आण," हे मुलीला म्हणाले. "तोवर माझं नातवंड मी दुरुस्त केलेल्या गाडीत बसणार नाही."