परवानगीआधी पाडलेली झाडं

लोक तिला डॉक्टरीण म्हणायचे. झाडाच्या बुंध्यावर छोटी हातोडी ठोकून ती कान लावून ऐकायची, म्हणून. एका म्हाताऱ्या मालकाने तर, ती त्यांची राई तपासायला आलेली असताना, स्वतःच्या खोकल्यावर औषध मागितलं होतं. "काका, साल तर तुमची ठणठणीत दिसतेय," ती म्हणाली होती, "आतलं मात्र माणसांच्या डॉक्टरला विचारा."

वनशास्त्र शिकून ती लोकांच्या खासगी राया सांभाळायची. कुठलं झाड काढायचं, कुठलं वाढू द्यायचं, नवी रोपं कधी लावायची, हे मालकांना सांगायची. मग कार्बनची योजना आली. झाड हवेतला धूर गिळून खोडात साठवतं आणि ती साठवण टिकवल्याबद्दल दूरचे कारखाने मालकाला दरवर्षी पैसे देतात, असं तिने योजना चालवणाऱ्या कंपनीतर्फे घरोघरी बसून समजावलं. अट एकच. करार संपेपर्यंत कंपनीच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची नाही.

सगळ्यात आधी सही केली ती तिच्या थोरल्या भावाने. दादा बस चालवायचा. नजर अधू झाली तशी नोकरी सुटली आणि वहिनींच्या शिवणकामावर घर कसंबसं चालू होतं. वडिलांनी लावलेली राई त्याच्या वाट्याला आलेली. कार्बनचे पैसे सुरू झाले आणि दादाच्या जिवात जीव आला. "झाडं उभी, मी बसलेला, आणि पोट मात्र दोघांचं भरतंय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्याचं बघून शेजारपाजारच्या मालकांनीही सह्या केल्या.

सलग दोन उन्हाळे कोरडे गेले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरीण दादाच्या राईत शिरली आणि जागच्या जागी थबकली. बुंध्यांच्या पायथ्याशी चाळून टाकल्यासारखा बारीक तांबूस भुसा पडला होता. खोडांवर डिंकाचे गोळे आले होते. तिने सुरीने सालीचा तुकडा उचकटला. खाली अळ्यांनी नागमोडी बोगदे कोरलेले. खोडकिडा! हवा तापली की हे किडे उडणार, आणि दादाच्या राईला लागूनच बाकीच्यांच्या राया.

तिथूनच तिने कंपनीला फोन लावला.

"फोटो आणि अर्ज पाठवा," पलीकडचा अधिकारी म्हणाला. "समिती पुढच्या महिन्यात बसते."

"साहेब, किडे समितीसाठी थांबायचे नाहीत."

"मॅडम, नियम मी केलेले नाहीत. परवानगीआधी एक झाड जरी पडलं तरी करार रद्द होतो, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात ना?"

ती तशीच दादाच्या घरी गेली. वहिनी मशीनवर होत्या, दादा रेडिओ ऐकत बसला होता. तिने सगळं सांगितलं. लागलेली झाडं पाडायची, त्यांच्याभोवतीचा निरोगी पट्टाही पाडायचा, आणि सालीसकट सगळं तातडीने हलवायचं. दादाने रेडिओ बंद केला.

"निरोगी पण?"

"हो, दादा. नाहीतर उडी मारून पुढे जातील."

"एकही झाड तोडायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच."

"मग?"

वहिनी उठल्या, कात्री हातात तशीच धरून राईत गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर सालीचा तुकडा होता आणि त्यावर पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्यांनी तो दादाच्या हातात दिला. नजर अधू असली तरी बोटांना कळायचं ते कळलं. त्याने तुकडा झटकून टाकला.

"तू म्हणालीस म्हणून सही केली," तो म्हणाला, "आता तू म्हणतेस म्हणून तोडतो. पण उद्या खायचं काय, तेही तूच सांग."

तिने लाकूडतोड्यांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी यांत्रिक करवती घेऊन लाकूडतोडे आले. कोणतं झाड पाडायचं ते डॉक्टरीण बोटाने दाखवत होती, आणि प्रत्येक झाड कोसळताना दादा अंगणात पाठ करून उभा होता. ती निरोगी पट्ट्यावर आली तेव्हा एका लाकूडतोड्यानेही विचारलं, "ताई, नक्की?" तिने मान हलवली.

कंपनीने दादाचा करार रद्द केला. डॉक्टरणीचं कंपनीकडचं कामही गेलं. लागलेलं लाकूड मातीमोल भावात गेलं, निरोगी लाकडाचे आले ते पैसे काही महिन्यांत संपले. दादा एका लाकूड गिरणीत फळ्या उचलायला लागला. ज्या वयात माणसं काठी शोधतात, त्या वयात तो खांद्यावर फळ्या वाहत होता.

शेजाऱ्यांच्या राया वाचल्या. त्यांचे पैसे चालू राहिले. डॉक्टरणीला वाटलं होतं, निदान एखादा तरी दादाकडे येऊन दोन शब्द बोलेल. आली ती फक्त शेजारची निवृत्त शिक्षिका, आणि तीही म्हणाली, "किडे आमच्याकडे आलेच नसते कदाचित. उगाच घाई केलीस गं." डॉक्टरणीला ते खोडून काढता येईना. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून?

दादा तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. वहिनी चहा द्यायच्या, विचारपूस करायच्या, पण मशीन थांबवायच्या नाहीत. तरी ती जात राहिली.

एकदा ती गिरणीवरून चालली होती. दादा फाटकाबाहेर दगडावर बसून खांदा चोळत होता. ती शेजारी टेकली.

"दादा, बोल की काहीतरी. शिव्या दे हवं तर."

तो खांदा चोळायचा थांबला.

"तू चुकलीस असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "मी असतो तुझ्या जागी, तर मीही तेच केलं असतं. पण राग जात नाही गं. त्याला काय करू?"

"असू दे," ती म्हणाली.

गिरणीचा भोंगा वाजला. तो गुडघ्यावर हात टेकवत उठला आणि आत गेला. ती दगडावर तशीच बसून राहिली. आतून करवतीचा आवाज सुरू झाला, तरी तिला उठवेना.