पिट नऊची माती

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली नाही. आमच्या लालबागच्या चाळीत कुणी म्हणालं, जिन्यात कोणीतरी दिसलं, की सगळ्यात मोठ्याने हसणारी मीच! पण या नवरात्रात जे झालं ना... कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून टाईप करतेय.

मी दादरच्या एका छोट्या कंपनीत आहे. कोळशाची खाण बंद झाली की खड्डा भरून, वर माती टाकून, झाडं लावून जमीन परत द्यायची असते. त्यासाठी खाणवाल्याने सरकारकडे अनामत ठेवलेली असते. जमीन खरंच नीट झालीय का ते आम्ही तपासतो. आमची सही नाही तर अनामत सुटत नाही, जमीनही गावाला मिळत नाही.

तर घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी आणि आमचे सावंत सर चंद्रपूरकडची साईट बघून परतलो. साईट एकदम टकाटक, गुडघाभर गवत! बारा जागी छोटे खड्डे, म्हणजे आमच्या भाषेत पिट, खणून माती घेतली, प्रत्येक पिटवर नंबराची लाल झेंडी रोवली, प्रत्येक जागेच्या दोन-दोन पिशव्या, एक तपासायला, एक जादा. तपासायच्या पिशव्या तिथूनच लॅबला पाठवल्या; जादाच्या मी घरी आणल्या, पोचेपर्यंत ऑफिस बंद झालेलं म्हणून.

आईने फोनवर सांगितलेलं, "येताना घटाक माती घेवन ये गो." मी साफ विसरले. सकाळी उठून बघते तर आईने एक पिशवी फोडून परडीत ओतलेली, धान्य पेरलेलं, वर घट बसवून मोकळी! पिशवीवर लिहिलेलं — पिट ९.

"आई! ती ऑफिसची माती आहे!"

"मगे? ऑफिसच्या मातीत धान्य रुजत नाय काय?"

बसवलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. म्हटलं जाऊ दे, पहिली पिशवी आहेच, कुणाला कळणार?

तिसऱ्या दिवशी सगळीकडे कोंब. फक्त एका बाजूला तळहाताएवढी जागा कोरी. चौथ्या दिवशी तीच जागा खाली बसली. आईने खालच्या फुलवाल्याकडची मूठभर माती टाकली... संध्याकाळी परत खड्डा! पाचव्या दिवशी घट त्या बाजूला कलला.

"मी हात लावूक नाय हां," आई म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली.

परडीखाली पितळी ताट आहे. ताट स्वच्छ, कोरडं. मातीचा कण नाही. मग माती जात कुठे होती? मी खड्ड्यात बोट घातलं — गरम! आमच्या खिडकीत ऊन येतच नाही, समोर टॉवर आहे.

तशीच ऑफिसला गेले. सर खुश. "आज सही करून टाक. उद्या जमीन गावाला देतायत, शाळेची पोरं नाचणार आहेत." मोबाईलवर मांडवाचा फोटो दाखवला. मांडवाच्या मधोमध आमचीच लाल झेंडी. पिट नऊ.

सांगू काय यांना? तोंडातून निघून गेलं, "सर, पिट नऊची जादा पिशवी आईने घटात वापरली. जादा पिशवी जपून ठेवायचा नियम आहे, परत खणायला लागेल."

"घटात?! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नोकरी जाईल!"

"जाऊ दे सर. परत खणल्याशिवाय सही नाही. आणि तो मांडव काढायला सांगा."

सगळं ऑफिस बघत होतं. सरांनी शिव्या घालतच फोन लावला. कार्यक्रम पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साईटच्या वॉचमनचा फोन. "मॅडम, मांडव होता ना, ती जागाच खाली गेली! माणूस बुडेल येवढी. वाफ निघून राहिली!"

तिथे कोणीच नव्हतं. मी जिन्यातच बसले आणि रडले.

सर म्हणतात, खाली कोळसा धुमसत असणार, भराव पोकळ झाला. जमिनीचं पटतं मला. पण पिशवीभर वरवरची माती, इथे लालबागला, तिसऱ्या मजल्यावर... तिला कसं कळलं? दसऱ्याला आईने घट उचलला तेव्हा त्या बाजूला परडीचा बांबूच दिसत होता. कुणाला काही सुचत असेल तर प्लीज सांगा.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या खाणीची सही आहे. फोटो आलेत, सगळं हिरवंगार. रोज उघडून बघते... आणि काय शोधतेय तेच कळत नाही.