पाठमोरा वॉल्ट्झ

डान्स क्लासच्या बाईंना दादांचं पहिलं दर्शन घडलं ते पाठीचं. आणि पाठ तरी कशी! जिन्याच्या वळणावरून ती वर सरकू लागली तेव्हा खिडकीतला उजेड गेला, भिंतींनी घाबरून आपापले पोपडे टाकले आणि खालच्या चष्म्याच्या दुकानदाराने भूकंप समजून सगळ्या काचा टेबलाखाली नेल्या, असं सांगतात. दादांच्या पुढ्यात एक पियानो होता. पियानोच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा कामावरचा जोडीदार होता. तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"पायरी. पायरी. मान खाली. डावीकडे कोपरा आहे. उंबरा!"

दादा एकदाही मागे न बघता, उलटे चालत, तिसरा मजला चढून आले आणि पियानो असा टेकवला की त्याच्या एकाही तारेला पत्ता लागला नाही. बाई अंगाने एवढ्याशा, त्या पियानोचं झाकण उघडून आत बसल्या असत्या तरी वर जागा उरली असती. त्या दाराआडून डोकावल्या.

"सगळं शाबूत आहे ना हो?"

"पियानो शाबूत आहे," दादा म्हणाले. "दरवाजा जरा रुंद झालाय."

लोकांची घरं एका जागेवरून उचलायची आणि दुसरीकडे नेऊन ठेवायची, हा दादांचा आयुष्यभराचा धंदा. कपाट असो, फ्रिज असो, जोडीदार तोंड पुढे करून चालायचा आणि दादा मागे मागे जायचे. तोंड जोडीदाराचं, पाठ दादांची, अशी दोघांत वाटणीच होती. मागे काय आहे हे बघणं दादांना अपमानास्पद वाटायचं. जोडीदार सांगतोय ना? मग झालं.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी ही हकीकत बायकोला सांगितली. कामावरचे सगळे तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनींनी जन्मभर पोस्टाच्या काउंटरमागे बसून शिक्के मारले होते आणि त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. हाताला मात्र हे कळलं नव्हतं. बोलता बोलता त्यांची मूठ टेबलावर ठप ठप पडतच असायची.

"आणि तिथे चांगली मोठमोठी माणसं," दादा हसत म्हणाले, "एकमेकांना धरून गोल गोल फिरतात. पोचत कुठेच नाहीत!"

वहिनींनी डाव खाली ठेवला. "आपण जायचं."

"कुठे?"

"कुठेच न पोचायला."

पुढच्या गुरुवारी दोघं क्लासमध्ये हजर. बाईंनी हात कुठे ठेवायचे ते दाखवलं. दादांनी वहिनींना नीट धरलं, गुडघे वाकवले, छातीत श्वास भरला आणि सवयीने ओरडले, "हं... उचल!"

वहिनी हवेत.

"अहो! अहो, ठेवा खाली!"

दादा गडबडले. गडबडलेल्या माणसाला जे येतं तेच तो करतो. त्यांनी वहिनींना अलगद पलीकडे नेलं आणि भिंतीशी लावून ठेवलं. वर दोन पावलं मागे सरून, सरळ लागल्या आहेत ना, तेही पाहिलं. क्लासमधली माणसं हसून हसून बाकांवर कोसळली.

पुढे हसण्यासारखं फारसं राहिलं नाही. क्लासमधल्या वॉल्ट्झच्या नाचात पुरुषाने पुढे यायचं आणि बाईने मागे जायचं, अशी पद्धत. पुढे चालणारे दादा म्हणजे दुसराच कोणी माणूस होता. समोरचं सगळं दिसायला लागलं की त्यांना सगळ्याचीच भीती वाटे. त्यांचा पाय वहिनींच्या पायावर इतक्यांदा पडला की वहिनींनी पोस्टातले जाड बूट माळ्यावरून काढले.

आणि क्लासमध्ये दातांचे डॉक्टर होते. निवृत्त, एकटे, सडपातळ, आणि हसले की सगळे दात एकदम हजेरी देणारे. नाचताना त्यांचे पाय जमिनीला लागतात की नाही याबद्दल क्लासमध्ये दोन मतं होती. दादा घाम पुसायला बसले की ते वाकून वहिनींना विचारत, "येता का?" आणि वहिनी पिसासारख्या जात.

वर्षअखेरीला क्लासची नृत्यसंध्या असे. हॉल, दिवे, पाहुणे, बक्षिसं, सगळा थाट. वहिनींनी घरी येताना रस्त्यातच सांगून टाकलं.

"मला तुमच्याबरोबर नाचायचंय. पण नाहीच जमलं तर मी डॉक्टरांबरोबर नाचणार. बसून राहणार नाही. काउंटरमागे फार बसले."

डॉक्टरांबद्दल दादांचं काही म्हणणं नव्हतं. पण आपण पाहुण्यांत बसून टाळ्या वाजवतोय आणि ही तिकडे तरंगतेय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मग ते दुपारी गोदामात फ्रिजच्या रिकाम्या खोक्याला धरून सराव करू लागले.

"छान चाललंय," जोडीदार विडी विझवत म्हणाला. "खोकं बिचारं बोंबलत नाही हेच खरं."

नृत्यसंध्येआधीचा शेवटचा गुरुवार उजाडला तरी पायांचा हिशेब जुळेना. एक गिरकी घेताना दादा आणि वहिनी दोघंही खुर्चीवर आदळले. दादांनी हात सोडले.

"डॉक्टरांना सांग तू," ते म्हणाले. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

क्लास संपला होता. सगळे मिळून बाक जागेवर लावत होते, त्यातला एक वहिनींनी एकट्यानेच ओढायला घेतला. आता, कोणी सामान वाकडंतिकडं उचलतंय आणि दादा नुसते बघताहेत, असं कधी झालं आहे का?

"अगं, कंबर जाईल!" म्हणत त्यांनी दुसरं टोक धरलं. अर्थात मागे जायचं टोक.

"या मागे," वहिनी फणकाऱ्याने म्हणाल्या. "अजून मागे. खुर्ची आहे, उजवीकडे घ्या. वळा. हळू!"

दादा निघाले. पाऊल जमिनीवरून घसटत, खांदे सरळ, मान स्थिर, लांबलचक बाक गर्दीतून लोण्यासारखा फिरवत. बाई कपात चहा ओतत होत्या. चहा बशीत गेला.

"थांबा! बाक ठेवा खाली. दादा, हात तसेच राहू देत. वहिनी, पुढे या आणि त्यांना सांगत राहा."

बाईंनी संगीत लावलं. "मागे," वहिनी म्हणाल्या. "वळा." आणि दादा वळले. खोलीच्या त्या टोकाला जाऊन परत आले, आणि वहिनींच्या बुटांना कोणाचा धक्का लागला नाही.

"पण हे बायकांचं पाऊल ना?" दादा कुजबुजले.

"मागे जाणाऱ्याचं पाऊल," बाई म्हणाल्या.

"लोक हसतील."

"मला भिंतीशी लावलंत तेव्हा हसलेच की," वहिनी म्हणाल्या.

तरी दादांचं मन उचल घेईना. दुसऱ्या दिवशी एक तिजोरी उतरवताना त्यांनी जोडीदाराला सगळं सांगितलं.

"म्हणजे सांगणार त्या, आणि तुम्ही ऐकून मागे जाणार?"

"हो."

"मग त्यात नवीन काय शिकलात? पायरी."

तिजोरी खाली टेकेपर्यंत दादांचं ठरलं होतं.

नृत्यसंध्येला त्यांनी जो कोट घातला तो पाठीला बसत होता, पुढे बटणं लागत नव्हती. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो अर्ध्या वाटेतच संपला. पाहुण्यांत खसखस पिकली. दादांचे कान लाल झाले, पण संगीत सुरू झालं आणि ओळखीचा आवाज आला, "मागे." त्यांनी डोळेच मिटले. "वळा. खांब आहे. डॉक्टर आहेत, डावीकडून जाऊ." मग काही वेळाने आवाज थांबला. दादा क्षणभर बिचकले आणि त्यांच्या ध्यानात आलं की सांगणं चालूच आहे, फक्त आता ते पाठीवरच्या तळव्यातून येतंय. कितीतरी वर्षं शिक्के मारलेल्या त्या हाताचा ताल पक्का होता. खसखस केव्हा थांबली ते दोघांनाही कळलं नाही.

"दमलात?" शेवटी वहिनींनी विचारलं. त्यांचाच श्वास लागला होता.

"मी? मी काय उचललंय?"

पहिलं बक्षीस डॉक्टरांच्या जोडीला मिळालं. पुढच्या महिन्यात दोघांनी टँगो या दुसऱ्या नाचासाठी नाव घातलं, पण वहिनींचा गुडघा दुखायला लागला म्हणून दुसऱ्याच आठवड्यात ते सोडून दिलं. अजून ते गुरुवारी जातात. वॉल्ट्झ सोडून त्यांना दुसरं काही येत नाही.