बाहेरची कडी

कडी बाहेरून होती आणि कडीला कुलूप होतं. आत आम्ही बायका होतो, आणि समोर रंगमंचावर बागेचा पडदा जळत होता.

गॅसबत्ती फुटली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं नाटकातलीच गंमत आहे. मग तेलरंगाच्या झाडांनी पेट घेतला, राजवाड्याच्या कमानी काळ्या होऊन खाली गळायला लागल्या, आणि पुरुष खुर्च्या उलथून पळाले. त्यांची दारं उघडी होती. आमच्यापुढे लाकडी पट्ट्यांची जाळी, मागे पत्रा, आणि बाजूला ते एक दार. आमची विधवा आत्या त्या दारावर लाथा मारत होती. शेजारची विणकरीण एरवी मराठी बोलायची, पण घाबरून ती तेलुगूत ओरडत होती, "तलुपु तिय्यी! तलुपु तिय्यी!" दार उघडा म्हणून. तिची सासू बाकाखाली बसली होती, ती उठेना. मी बारा-तेरा वर्षांची असेन. मी रडले नाही, कारण धुरानं रडताच येत नव्हतं.

मग बाहेरून ठोके पडायला लागले. कुलूप तुटलं, दार उघडलं, आणि दारात नाटकाची नायिका उभी. नऊवारी, नाकात नथ, गंगावन सुटून खांद्यावर लोंबतंय, हातात तंबूच्या मेखा ठोकायची मोगरी. आणि पदर जळतोय. तो पुरुष होता. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे. त्याचा नाजूक आवाज आम्ही खेळात ऐकलेला. त्या दिवशी तो बैलाला हाकावं तसा ओरडला, "चला! बाहेर व्हा! बघताय काय?"

आम्ही बाहेर पडलो. विणकरीण त्याच्या पदरावर दोन्ही हातांनी माती फेकत होती आणि शिव्या घालत होती. ते पातळ तिच्याच घरच्या मागावर विणलेलं होतं.

आता माझी नातसून मला विचारते, "आजी, तुमच्या काळात बायकांना करमणूक काय होती हो? चूल आणि मूल." मी तिला म्हणते, तू गप्प बस. सोलापूरच्या आमच्या गल्लीत जेवढं बघायला होतं, तेवढं तुझ्या टीव्हीत नाही.

सकाळी विणकर रस्त्यावर ताणा पसरायचे. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत सूत ताणलेलं, त्याला खळ लावलेली, आणि म्हशीपासून मास्तरापर्यंत सगळे त्याला वळसा घालून जायचे. ताण्यावरून उडी मारली तर विणकरणीचा रट्टा बसायचा. रंगाऱ्याच्या दारातून लाल-निळं पाणी वाहायचं, त्यात आम्ही पाय बुडवायचो आणि घरी मार खायचो. पडदे रंगवणारा चाचा जमिनीवर कापड अंथरून त्यावर अनवाणी फिरत आकाश, समुद्र रंगवायचा. आम्ही दारात उभ्या राहिलो की म्हणायचा, "अगे पोट्ट्यांनो, समिंदर पे पाँव नक्को रखो, ओला है." पलीकडे पेटी दुरुस्त करणारा दिवसभर एकच सूर दाबून बसायचा. तमाशाचा फड मुक्कामाला असला की दुपारी ढोलकी ऐकू यायची, आणि आमच्या घरात खिडकी लावून घ्यायचे. खिडकीला फट होती. गल्लीत चार भाषांत शिव्या ऐकू यायच्या. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पण मला शिव्या चारही भाषांतल्या येतात.

आणि नाटक कंपनी आली की रविवारी दुपारचा खेळ. थेटर पत्र्याचं, दुपारीही आत बत्त्या लागायच्या. कंपनी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो नायिकेचं काम करणारा गल्लीतून फिरायचा, धोतर-टोपीत, विड्या ओढत. मागामागावर जाऊन काठ बघायचा. तो ज्या काठाचं पातळ नेसून उभा राहील, तोच काठ पुढचे दोन महिने सोलापूरच्या बायका मागायच्या. म्हणून विणकर त्याला बोलवायचे, चहा पाजायचे. तो विणकरणीला म्हणायचा, "अक्का, काठ जरा रुंद ठेव की. लांबून दिसायला पायजे." ती म्हणायची, "तू जरा बारीक हो. मग पातळ पुरेल, काठपण दिसेल."

आगीनंतर कंपनी निघून गेली. तो मागे राहिला, कारण उजवा हात खांद्यापासून भाजला होता. पडदेवाल्या चाचाच्या खोलीत चटईवर पडून असायचा.

आणि आमच्या ओसरीवर पुरुष जमले. माझे वडील गिरणीत कारकून होते, त्यांच्या शब्दाला गल्लीत मान होता. विणकरणीच्या सासूचं दहावं नुकतंच झालं होतं. म्हातारी तिथंच, बाकाखाली गेली. मला वाटलं आता कुलपाबद्दल बोलतील. कुलपाचं कोणी नावही काढलं नाही.

एक जण म्हणाला, "काही म्हणा, परका पुरुष जनान्यात शिरला, हे बरं न्हाय झालं."

दुसरा म्हणाला, "म्हणूनच मी म्हणत होतो. बायकांना नाटकाला पाठवूच नये."

वडिलांनी मान हलवली. "आजपासून बंद. आपल्या गल्लीतल्या बायका थेटरात जाणार नाहीत."

आत्या माजघराच्या दारात उभी होती. ती वडिलांपेक्षा मोठी, नवरा गेल्यापासून आमच्याकडे. रविवारचा खेळ एवढंच तिचं स्वतःचं होतं. बाकी सगळं आमचं होतं, भांड्यापासून भाकरीपर्यंत. ती म्हणाली, "तो शिरला म्हणून तुमच्या घरांत आज चूल पेटली."

वडील म्हणाले, "आक्का, तू आत जा."

"आतच होते की मी. बाहेरून कडी घालून. ती कडी कुणी लावायला सांगितली होती रे?"

सगळ्यांना माहीत होतं. टवाळ पोरं शिरतात, तेव्हा बायकांच्या दाराला बाहेरून कुलूप घाला, हे थेटराच्या मालकाला जाऊन सांगणाऱ्यांत पहिले माझे वडील होते. दारवानानं सांगितलं तसं केलं, किल्ली खिशात टाकली आणि चहा प्यायला गेला. तरी वडिलांनी बंदी उठवली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यानं भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधली आणि भर दुपारी, पदर नीट घेऊन, सगळ्या गल्लीतून चाचाच्या खोलीकडे निघाली. मला बरोबर घेतलं. वडील मागून म्हणाले, "आक्का, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील भाकरी दिली."

विणकरीण तिथं आधीच बसली होती, त्याच्या हाताला तेल लावत. त्याला मिशा फुटल्या होत्या. त्या बघून मला हसू आलं. तो म्हणाला, "हस, हस. आता हात वर होत न्हाय. नायिकेला लाजताना तोंड झाकायला हात लागतो की."

विणकरीण म्हणाली, "डाव्यानं लाज. आणि माझं पातळ जाळलंस ते आधी आठव."

असे आठ-नऊ महिने गेले. मग दुसरी कंपनी आली. थेटर दुरुस्त झालं होतं, चाचानं नवी बाग रंगवली होती, पहिलीपेक्षा हिरवी. नव्या कंपनीनं त्याला ठेवून घेतलं, कोवळ्या पोरांना पातळ नेसवायला आणि बाईसारखं चालायला शिकवायला.

रविवारी जेवणं उरकली. आत्यानं हात पुसले आणि चप्पल घातली. वडील वर्तमानपत्र वाचत होते. तिनं त्यांना विचारलं नाही, मीही नाही. बाहेर विणकरीण दोन सुनांना घेऊन उभी. पुढं रंगाऱ्याची बायको, बांगड्या भरणारी मणेरीण, आणखी कोण कोण. थेटराशी पोचलो तेव्हा चांगला घोळका झाला होता.

दाराला नवी कडी होती. बाहेरून.

आत्या थांबली, म्हणून सगळ्या थांबल्या. दारवान म्हणाला, "बसा की बायांनो आत, घंटा झाली."

"आधी कडी आत लाव."

कंपनीचा मॅनेजर धावत आला. "बाई, तुमच्याच अब्रूसाठी आहे ती. पोरं शिरतात."

विणकरीण म्हणाली, "शिरू दे. आमी एवढ्या हाय. बाहेर कसं पाठवायचं ते बघतो."

तेवढ्यात वडील आले. कोणी तरी सांगायला गेलंच होतं. ते आत्याजवळ जाऊन हळू म्हणाले, "आक्का, घरी चल. तमाशा होतोय."

"थेटरच आहे. होऊ दे."

आतून पुरुष ओरडत होते, खेळ सुरू करा म्हणून. मॅनेजर आमच्याकडे बघे, वडिलांकडे बघे. आम्ही उन्हात उभ्या होतो. कोणी आत जाईना, कोणी घरी जाईना. शेवटी मॅनेजरनं कंपनीच्या सुताराला हाक मारली. मोगरी मात्र तोच घेऊन आला, आगीत हात भाजलेला आमचा नट. ती त्यानं डाव्या हातानं सुताराला दिली. सुतारानं कडी उचकटली आणि दाराच्या आतल्या बाजूला ठोकली. वडील ते सगळं बघत उभे राहिले आणि मग पुरुषांच्या दारानं आत गेले. तिकीट त्यांनीही काढलं होतं.

आत्यानं आतून कडी घातली, काढून बघितली, परत घातली. मग बसली. मध्येच दारवानानं दार वाजवलं, तर विणकरीण म्हणाली, "कोण हाय? काय काम हाय?" आणि सगळ्या हसल्या. खेळ काही चांगला नव्हता. नायिका घोगरी होती आणि सारखी पातळात अडकत होती.

आगीच्या दिवशी त्या दारामागे होत्या त्यांतली विणकरणीची सासू गेली. आत्या, विणकरीण, मी आणि बाकीच्या सगळ्या जगलो. तोही जगला.