पद्मजाचा बर्फ

भाड्याचा कोट अंगात चढवतानाच नरहरचं डोकं फिरलं. निळ्या-केशरी पट्ट्यांचा, दुसऱ्याच्या घामाचा वास मारणारा कोट. मनालीच्या वरच्या उतारावर हंगाम नुकताच उघडला होता. पायथ्याशी बर्फाचा पत्ता नव्हता. वाळलं गवत, चिखल आणि मॅगीची टपरी. बर्फ होता तो वर, चढ संपतो तिथे. दोन-चार पोरं पायाला स्कीच्या पट्ट्या बांधून घसरत होती आणि आपटत होती.

नरहर स्वतःसाठी आला नव्हता. पद्मजाला बर्फात हात घालायचा होता. बिरगावच्या घरात पत्र्याखाली उन्हाळे काढताना तिने एवढंच मागितलं होतं, आणि तेही नवऱ्याकडे नाही, मुलाकडे. गुडघे पुरते जाण्याआधी एकदा. म्हणून शिशिरने रजा काढून दोघांना आणलं.

शिशिर एका माणसाला घेऊन आला. त्याच्यामागे दोरी बांधलेली लाकडी घसरगाडी होती. हिंदी मुलखात वाढलेला शिशिर घरच्यांशीही हिंदीतच बोलायचा.

"आई इस पे बैठेगी. टेकचंद भैया ऊपर तक खींच देंगे."

"काहून? माही बायको सिमेंटची बोरी हाय का, दोरीनं ओढाले?"

"पापा, चढ़ाई है. उनका घुटना..."

"मी हाय ना."

टेकचंद नरहरच्याच वयाचा असावा. तो हळूच म्हणाला, "बाबूजी, सीजन की बोहनी है."

"दूसरा ग्राहक देखो."

टेकचंदने गाडी वळवली आणि टपरीकडे निघून गेला.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये नरहरने हयात चिमट्यावर काढली होती. लाल सळई रोलमधून बाहेर फेकली गेली की तिचं तोंड चिमट्यात पकडायचं आणि वळवून पुढच्या खाचेत द्यायचं. हात चुकला तर पाय जायचा. दुसऱ्याच्या चिमट्याला कोणी हात लावायचा नाही, ही तिथली रीत. लावला तर ती शिवी. मिल सुटली, पण ही रीत त्याच्या अंगातून गेली नाही. आपलं ओझं आपण.

पद्मजाचा हात खांद्यावर घेऊन तो चढू लागला. शिशिर खाली टपरीपाशीच थांबला. गमबूट चिखलात रुतत होते. निम्म्या वाटेवर तिचा गुडघा आखडला आणि ती दगडावर बसली. वरच्या बर्फातले पावलांचे ठसे तिथून दिसत होते.

"उठ. मी उचलतो."

त्याने उचललंही. दोन पावलांत पाय सरकला आणि दोघं पडता पडता वाचली.

"खाली ठेवा मले."

"जमते."

"नाही जमत." तिचा आवाज चढला नाही. "हा बर्फ माहा हाय. तुमची मिल नाही हे. अन् मिलमध्ये तरी चिमट्यावर दिवसभर एकटेच राहत होते का तुमी? बदलीवाला यायचा ना घडीघडी? तो तुमच्या जागी उभा राहे अन् तुमी पाणी प्यायचे. तवा लाज वाटली का?"

त्या धगीत बदली घेतल्याशिवाय कोणी टिकत नसे. एकाने तोऱ्यात बदली नाकारली होती. तो भोवळ येऊन पडला आणि सळई शेजारच्याच्या पोटरीवर गेली. त्याला पुन्हा कोणी चिमट्यावर घेतलं नाही. त्या माणसाला सगळ्यांत जास्त शिव्या नरहरनेच घातल्या होत्या.

तिला दगडावर बसवून तो खाली उतरला. टेकचंद गाडीवर बसून बिडी ओढत होता. शेजारी उभा असलेला शिशिर वडिलांकडे न बघता बूट झटकत राहिला.

"चलो," नरहर म्हणाला.

"क्यों बाबूजी, थक गए?"

"हव. थक गया."

"सुबह-सुबह भगा दिया था आपने."

"भगाया था. अब चलो."

टेकचंदने बिडी विझवली, उरलेली कानामागे खोचली आणि दोरी छातीवर घेतली. दगडापाशी पद्मजा गाडीत बसली. नरहरने मागून रेटा दिला.

"हाथ हटाओ. गाड़ी टेढ़ी जाती है."

नरहरने हात काढले. रिकाम्या हातांनी मागे चालणं त्याला जमत नव्हतं. तो टेकचंदच्या पायांवर नजर ठेवून होता. टाच आडवी रोवून, वळणावर दम घेऊन तो ओढत होता. चूक सापडली असती तर नरहरला बरं वाटलं असतं. सापडली नाही.

वर बर्फ मळका होता, खाली खडे लागत होते. पद्मजाने हातमोजा काढला आणि मनगटापर्यंत हात आत घातला. बराच वेळ तिने तो काढला नाही. मग मूठभर बर्फ उचलून नरहरच्या तळव्यावर ठेवला.

"धरा. हा मी एकटीनं उचलला."

टेकचंद हसला. नरहर हसला नाही. भट्टीने जाड झालेल्या कातडीला गारवा लागायला वेळ लागला.

"राग गेला का?" तिने विचारलं.

"नाही."

पण बर्फ त्याने फेकला नाही. पाणी कोटाच्या बाहीत उतरलं तरी तो तसाच धरून उभा राहिला.